दहा जीबीची भिंत आणि काचेखालचा कागद

फेब्रुवारी २०२४ मधला एक सोमवार. अकराच्या सुमाराला तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे एका पतसंस्थेच्या मुख्य शाखेतले कॅशियर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. "ताई, पिग्मीचं मशीन घेईना झालंय. स्क्रीनवर काय तर इंग्रजीत मोठं आलंय बघा." वाचून दाखवा म्हटलं तर एकेक अक्षर सांगायला लागले, म्हणून फोटो पाठवायला सांगितला. फोटो बघितला आणि पोटात गोळा आला. डेटाबेस, म्हणजे संस्थेच्या सगळ्या नोंदींचं कोठार, भरला होता. तुमच्या लायसन्सप्रमाणे एका डेटाबेसची मर्यादा १०,२४० एमबी, त्यापुढे वाढ नाही, एवढाच त्या मोठ्या इंग्रजीचा अर्थ.

मी सांगलीत पतसंस्थांची सॉफ्टवेअरं लिहिते. दोन टेबलं, एक इन्व्हर्टर, मदतीला एक मुलगा आणि सहा गिऱ्हाइकं, एवढा पसारा. ही संस्था त्यातली सगळ्यात मोठी. ११ शाखा, ४१ हजारांच्या आसपास खातेदार. २०१५ मध्ये तिला मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेस सॉफ्टवेअरची एक्सप्रेस आवृत्ती मीच बसवून दिली होती. एक्सप्रेस फुकट मिळते, पण तेव्हाच्या आवृत्तीला दहा जीबीची वेस होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा सगळा डेटा पाऊण जीबी होता आणि दहा जीबी कधी भरतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. त्यामुळे कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. पाटी पहिल्या दिवसापासून दारावर होती.

त्या दिवशी वाट निघाली. मोजदाद केली तर खातेदारांना गेलेल्या एसएमएसची नोंद ठेवणारं टेबलच, म्हणजे डेटाबेसमधला एक तक्ताच, तीन जीबीचं झालेलं. ‘आपल्या खात्यात रु. ५० जमा’ हे वाक्य आम्ही नऊ वर्षं लाखो वेळा जपून ठेवलं होतं. मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी असते, म्हणून शेजारी दुसरा डेटाबेस काढून जुने एसएमएस तिकडे हलवले. दीड वाजता पिग्मी सुरू झाली, तात्यांनी चहा सांगितला.

पण जागा शोधता शोधता मी सर्व्हरची लॉग फाइल उघडली होती. तिच्यात ‘एसए’ या नावाने लॉगिन करण्याचा फसलेला प्रयत्न, अशा ओळी होत्या. एक-दोन नाहीत, पानंच्या पानं. रात्री दोन वाजता, तीन वाजता, सेकंदाला तीन-चार. ‘एसए’ म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमधलं सर्वाधिकारी खातं. त्याच्या हातात सगळ्या किल्ल्या. जगातून कोणीतरी यंत्र लावून त्याचा पासवर्ड ओळखायला बसलं होतं. त्याला दार सापडलं कसं? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करता यावं म्हणून राउटरवर १४३३ नंबरचं पोर्ट मी उघडलं होतं. तात्पुरतं. चार वर्षं ते तसंच होतं.

आणि पासवर्ड? तो अकराही शाखांत कॅशियरच्या टेबलाच्या काचेखाली, पोस्टाच्या पत्त्यांशेजारी, एका चिठ्ठीवर होता. कारण माझं सॉफ्टवेअरच ‘एसए’ म्हणून आत शिरायचं. २०१५ मध्ये लवकर काम संपवायच्या नादात मी वेगवेगळे अधिकार वाटत बसले नव्हते. कोण खातं बघणार, कोण व्याजदर बदलणार, कोण डेटाबेसमधलं टेबल पुसणार, सगळ्यांना एकच किल्ली. हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

पोर्ट त्याच संध्याकाळी बंद केलं.

पुढे काय करायचं हा प्रश्न मात्र उरलाच. एसएमएस हलवून मिळालेली जागा दोनेक वर्षं पुरली असती. पण एसक्यूएल सर्व्हर २०१४ च्या सपोर्टची मुदतवाढ ९ जुलै २०२४ ला संपत होती. त्यानंतर सुरक्षेची नवी ठिगळं (पॅच) नेहमीच्या वाटेनं मिळणार नव्हती. एक्सप्रेसचीच त्या वेळची नवी आवृत्ती घेतली असती तर वेस पुन्हा दहाचीच. विकतची स्टँडर्ड आवृत्ती घेतली असती तर वेस गेली असती, पण (प्रोसेसरच्या) कोअरच्या हिशोबात कमीत कमी ४ कोअरचं लायसन्स घ्यावं लागतं. कोटेशन सहा आकडी आलं. तिसरी वाट पोस्टग्रेसची, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता येतो अशा फुकटच्या डेटाबेसची. मदतीला असलेल्या आमच्या पोरानं मायएसक्यूएल या तशाच दुसऱ्या डेटाबेसचंही नाव काढलं. मायएसक्यूएल २००८ मध्ये सन कंपनीकडे गेलं, २०१० मध्ये सनसकट ओरॅकल कंपनीकडे. मूळ कर्त्यानं आधीच वेगळी चूल मांडून धाकट्या मुलीच्या नावानं मारियाडीबी काढलं. (मोठीचं नाव माय; मूळ डेटाबेस तिच्या नावाचा.) वाईट काहीच नाही त्यात. पण माझ्या सॉफ्टवेअरमधला निम्मा हिशोब डेटाबेसच्या आत लिहिलेल्या प्रोसीजरमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे, आणि ते लिखाण पोस्टग्रेसमध्ये जास्त सरळ उतरतं असं चार दिवस दोन्हीकडे लिहून बघितल्यावर वाटलं. शिवाय पोस्टग्रेस कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात प्रकल्प म्हणून सुरू झालं, १९९६ पासून आजच्या नावानं चालतंय. उद्या ते कोणी विकत घेऊन टाकेल ही धास्ती नाही.

मार्च एंडिंगच्या गडबडीत हे सगळं बाजूला पडलं. ३० मार्चच्या रात्री तेरीज जुळवत बसले होते आणि मध्ये विसावा म्हणून फोन उघडला तर एक्सझेडची बातमी. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर सगळीकडे वापरली जाणारी ती एक छोटी कॉम्प्रेशनची लायब्ररी, म्हणजे फाइली दाबून लहान करणारा तयार कोड. कोणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून तिच्या सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला आणि मग तिच्यात चोरदार बसवलं. मुक्त सॉफ्टवेअरची बाजू मांडायला मी पुढच्या महिन्यात संचालकांसमोर जाणार, आणि आत्ताच हे! पण बातमी खाली वाचत गेले तर चोरदार पकडणारा माणूस आंद्रेस फ्रॉइंड, पोस्टग्रेसच्या मुख्य कर्त्यांपैकी एक. पोस्टग्रेसचा वेग मोजताना त्याला दिसलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आमच्या शाखांत अर्धा मिनिट जास्त लागला तरी कोणी हूं की चूं करत नाही. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला, आणि लायब्ररीचा कोड उघडा होता म्हणून मुळापर्यंत पोचू शकला. नोकरीला तो मायक्रोसॉफ्टमध्ये होता, ही त्यातली आणखी एक गंमत. माझ्या डोक्यात असलेल्या मुक्त आणि बंदिस्त अशा दोन तंबूंच्या मधली कनात त्या रात्री थोडी फाटली.

एप्रिलच्या मासिक सभेला चहा-चिवडा झाल्यावर माझा विषय आला. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी सुरुवात केली ती "फुकट ते पौष्टिक, असंच ना ताई?" अशी. संचालकांत एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांना गुरुजी. त्यांचा प्रश्न नेमका होता. "ज्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो, त्यातली फट चोराला आधी दिसणार नाही का?"

मी तिजोरीचा दाखला दिला. आपल्या स्ट्राँगरूममधल्या तिजोरीसारख्या हजारो तिजोऱ्या आहेत, आतला खटका कसा चालतो हे मिस्त्रींना पाठ आहे, तरी ती उघडत नाही. कारण किल्ली आपल्याकडे. गुरुजी म्हणाले, "पण कारखानदार खटक्याचं चित्र भिंतीवर लावत नाही." बरोबर होतं त्यांचं. मग मी दाखले सोडले आणि घडलेलं सांगितलं. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाचा किडा आला, अवघ्या ३७६ बाइटचा, एसक्यूएल सर्व्हरच्या फटीतून शिरणारा. काही मिनिटांत जगभर पसरला. कोड बंद होता, तरी फट सापडलीच. आणि तिच्यावरचं ठिगळ सहा महिने आधी निघालं होतं, लोकांनी लावलं नव्हतं. कित्येकांना तर आपल्या मशीनवर तो डेटाबेस आहे हेच ठाऊक नव्हतं, दुसऱ्याच कुठल्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला. उलट बाजूला एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड प्रकरण. ओपनएसएसएल म्हणजे इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर, कोड जगाला उघडा, अर्धं इंटरनेट त्याच्या भरवशावर, आणि ती चूक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. दिसतं म्हणून कोणी बघतंच असं नाही.

म्हणजे दोन्ही पारडी मीच रिकामी केली. संचालकांतल्या तरुण सीएनं मग खरा प्रश्न विचारला. "उद्या काही झालं तर जबाबदार कोण? कंपनी असली तर कुणाला तरी धरता येतं."

"मला धरायचं," म्हटलं.

"आणि आत्ता?"

"आत्ताही मलाच." फुकटच्या एक्सप्रेससाठी कंपनीचा माणूस नऊ वर्षांत कधी आला नव्हता आणि येणारही नव्हता. लायसन्सच्या बारीक अक्षरात नुकसानीची जबाबदारी मायक्रोसॉफ्ट काय, पोस्टग्रेस काय, दोघंही अंगाला लावून घेत नाहीत. स्टँडर्डचं लायसन्स आणि वर सपोर्टचा करार घेतला तर गोष्ट वेगळी, आणि ज्यांच्याकडे माझ्यासारखं कोणी नाही त्यांनी तो घ्यावा असं मी तिथंच सांगितलं.

मग पर्समधून ती चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. अण्णांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. संस्थेचं नाव, आणि पुढं एक दोन तीन. कोणी काही बोललं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन ९४ कोटी गेले होते, ते सहकारातल्या कोणत्याच माणसाच्या डोक्यातून जात नाही. अण्णांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खिशात ठेवली. "हे आधी निस्तरा. मग तुमचा तो हत्ती आणा." पोस्टग्रेसचं चिन्ह निळा हत्ती आहे, ते त्यांनी माझ्या कागदांवर बघितलं होतं.

एप्रिल-मे असाच गेला. डेटाबेस तोच, एसक्यूएल सर्व्हरच. फक्त प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचं लॉगिन, क्लार्कला फक्त क्लार्कपुरतं, व्याजदराचं टेबल मॅनेजर सोडून कोणाला हलवता येणार नाही, आणि ‘एसए’ बंद. ऐकायला सोपं. पण माझ्या सॉफ्टवेअरला सगळीकडे मोकाट फिरायची सवय होती. एकेक दार बंद केलं की तिसरीकडेच काहीतरी अडायचं; दाखला छापताना अधिकार नाही, पासबुक भरताना अधिकार नाही. तीन आठवडे शिव्या खाल्ल्या. मागे वळून बघते तर या सबंध वर्षात सुरक्षेत जी भर पडली त्यातली मोठी भर त्या तीन आठवड्यांतली आहे, आणि तिचा मुक्त की बंदिस्त या वादाशी काडीचा संबंध नव्हता.

जूनमध्ये हत्ती आणला. जुन्या एका मशीनवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) आणि पोस्टग्रेस १५. प्रोसीजर होत्या २१२. त्यातल्या सत्तरेक कोणी वापरतच नव्हतं. बाकीच्या आम्ही दोघांनी बसून नव्यानं लिहिल्या. ते काम कंटाळवाणं आहे, सांगण्यासारखं त्यात काही नाही. सांगण्यासारखं आहे ते व्याजाचं आणि कुऱ्हाड्यांचं.

व्याज आधी. दोन्ही डेटाबेसवर एकाच दिवशी मुदत ठेवींचं व्याज काढलं, तर नव्यात ६१ रुपये कमी. पतसंस्थेत ६१ रुपये म्हणजे ६१ लाख. तेरीज पैशाला जुळली पाहिजे. दोन दिवस पावत्या शोधत होतो. शेवटी ५,००० ची एक पावती हाताला लागली. ८.२५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४१२ रुपये ५० पैसे. जुन्यात ते पूर्ण रुपयात ४१३ झालं होतं, नव्यात ४१२. म्हटलं सापडलं. पण १५,००० ची पावती घेतली, व्याज १,२३७.५०, तर दोन्हीकडे १,२३८! आता मात्र डोकं फिरलं. रात्री साडेअकराला पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्ये उत्तर मिळालं. रक्कम दशांश पद्धतीनं साठवली असेल तर अर्धा रुपया वर जातो. पण ती फ्लोट म्हणजे तरत्या अंकात साठवली असेल तर बहुतेक मशीनवर अर्धा जवळच्या सम अंकाकडे जातो. ४१२ सम, म्हणून खाली; १,२३८ सम, म्हणून वर. जुना डेटाबेस दोन्ही वेळा वरच ढकलायचा. दोघांचीही रीत आपापल्या जागी ठीक होती. पैसा फ्लोटमध्ये ठेवणारी मूर्ख मी होते. रकमेचे सगळे कॉलम दशांश केले आणि ६१ रुपये परत आले.

आता कुऱ्हाडे. (नाव बदललंय, पण ऱ्ह खरा आहे.) आमच्या भागातल्या सगळ्या जुन्या सॉफ्टवेअरांत मराठी नावं फॉन्टच्या करामतीनं ठेवलेली असत. पडद्यावर मराठी, आत मात्र इंग्रजी वर्णमालेतली टोप्या घातलेली अक्षरं. तो फॉन्ट काढला की ४१ हजार खातेदार एका फटक्यात परके. खरा बंदिस्तपणा डेटाबेसमध्ये कमी आणि त्या फॉन्टमध्ये जास्त होता. एसक्यूएल सर्व्हर बिचारा युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी ठरलेली साठवणीची पद्धत, केव्हापासून घ्यायला तयार होता, मीच दिलं नव्हतं. आता घर बदलायचंच आहे तर सामानही नीट लावू म्हणून सगळी नावं युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवलेली, ती मागे न्यायची. रफार नंतर साठवलेला, तो पुढे आणायचा. आमच्या पोरानं त्यासाठी छान प्रोग्रॅम लिहिला. ‘किर्तीकर’, ‘शर्वरी’ सगळं बिनचूक.

चाचणीसाठी एका शाखेत हे लावलं. दुसऱ्याच दिवशी काउंटरवर एक मावशी पासबुक घेऊन उभ्या, आणि क्लार्क मुलगी नाव टाइप करतेय. खातेदार सापडला नाही. पुन्हा टाइप केलं. सापडला नाही. "अगं बाई, वीस वर्षं खातं हाय माझं," मावशी म्हणाल्या. नंबर टाकला तर खातं आलं, नावही तेच, कुऱ्हाडे. नावानं शोधलं की नाही. मी शेजारीच बसले होते. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवून बघितली. डोळ्यांना तिळमात्र फरक नाही.

फरक आत होता. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. मुलगी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून ऱ काढत होती, हा युनिकोडमधला स्वतंत्र र. आमच्या प्रोग्रॅमनं मात्र साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घातलं होतं. दिसायला जुळे, कॉम्प्युटरला वेगळी माणसं. गोऱ्हे, कऱ्हाडकर, पाऱ्हेकर, सगळे असे हरवले होते. सगळीकडे स्वतंत्र ऱ करून टाकला आणि टाइप होतानाच बदल व्हावा अशी सोय केली. तेवढ्यात यादीच्या क्रमाचं निघालं. क्षीरसागर मंडळी कोळींच्या मागे आणि खरातांच्या पुढे जाऊन बसलेली. मराठीत क्ष, ज्ञ शेवटी येतात. पोस्टग्रेसमध्ये मराठी क्रमवारी आधीपासून आहे, ती लावल्यावर क्षीरसागर आपल्या जागी गेले. हे पैसे देऊन घेतलेल्या दुसऱ्या कुठे मिळालं नसतं असं नाही. पण मॅन्युअल उघडं, कोड उघडा, आणि माझ्याआधी कुणा मराठी माणसाला हीच अडचण येऊन गेल्याच्या खुणा, यामुळे रात्री अकरा वाजता एकटीनं शोधता आलं.

बदलाचा दिवस दसऱ्याचा. १२ ऑक्टोबर २०२४ ला शनिवार होता, दुसऱ्या दिवशी रविवार, असे दोन दिवस सलग मिळाले. आदल्या दिवशी मुख्य शाखेत खंडेनवमीची पूजा. तात्यांनी दोन्ही सर्व्हरना झेंडू वाहिला, जुन्यालाही. शनिवारी सकाळी शेवटचा बॅकअप, दुपारपर्यंत डेटा नव्या मशीनवर, संध्याकाळी खातेनिहाय जुळणी. शाखांचं बोलणं आता वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरच्या गुप्त बोगद्यातून, बाहेर एकही पोर्ट उघडं नाही. रात्री आठला नऊ शाखा जोडल्या गेल्या, दोन जाईनात. मी खातेजुळणीत अडकले होते, पोरगा त्या दोनांच्या मागे होता. दहा वाजता म्हणाला, "ताई, झालं." सोमवारी सकाळी पिग्मी आली, पासबुकं भरली, कोणाला काही कळलंही नाही. आपट्याची पानं देत अण्णा म्हणाले, "हत्ती बसला म्हणायचा."

तीन दिवसांनी एका खेड्यातल्या शाखेत रिपोर्टची तक्रार होती म्हणून गेले. त्यांच्या मशीनवरून डेटाबेसला जोडताना घाईत पासवर्ड चुकीचा टाइप झाला, तो मला एंटर दाबल्यावर कळला. आणि मी आत गेले.

थांबले. बाहेर आले. मुद्दाम भलताच शब्द टाइप केला. आत. काहीच टाइप न करता एंटर दाबलं. आत.

पोस्टग्रेसमध्ये कोणाला कुठून कसं आत घ्यायचं याची एक फाइल असते. वरून खाली वाचायची. जी ओळ पहिल्यांदा लागू पडते तिच्यावर निकाल, खालच्या ओळी बघायच्याच नाहीत. सगळ्यात वर एक ओळ होती. शाखांच्या पत्त्यांवरून येणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवा. ‘ट्रस्ट’. दसऱ्याच्या रात्री ती आमच्या पोरानं घातली होती. त्या दोन शाखांतल्या मशीनवर जुना ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडून देणारा प्रोग्रॅम) होता, त्याला पासवर्ड तपासायची नवी स्क्रॅम पद्धत कळत नव्हती. ड्रायव्हर बदलायच्या ऐवजी त्यानं कुलूपच काढून ठेवलं. "तात्पुरतं केलं होतं ताई, उद्या बदलणार होतो." रागवायला तोंड उघडलं आणि १४३३ आठवलं. मिटलं.

एक गोष्ट इथं पोस्टग्रेसच्या बाजूनं सांगितली पाहिजे. ते बसवलं की पहिल्यांदा फक्त स्वतःच्या मशीनवरूनच बोलतं, बाहेरच्याला दारातही उभं करत नाही. दार उघडलं ते आम्ही, आणि उघडं ठेवलंही आम्हीच. ती ओळ काढली, ड्रायव्हर बदलले, आणि आता ती फाइल बदलली की मला आणि मॅनेजरसाहेबांना दोघांनाही मेसेज येतो.

दुसऱ्या बाजूनंही एक सांगते. डिस्क चोरीला गेली तरी डेटा वाचता येऊ नये म्हणून डेटाबेसनं स्वतःच फाइली कुलपात ठेवायची सोय एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ पासूनच्या स्टँडर्डमध्ये तयार मिळते. मूळ पोस्टग्रेसमध्ये ती नाही. मला सबंध डिस्कच लिनक्सच्या लक्स पद्धतीनं कुलूपबंद करावी लागली. काम होतं, पण गैरसोय अशी की सर्व्हर बंद होऊन चालू झाला की तो एक लांबलचक परवलीचं वाक्य विचारतो आणि ते मिळेपर्यंत ढिम्म हलत नाही. ते वाक्य मला आणि मॅनेजरसाहेबांना माहीत. एक प्रत सीलबंद पाकिटात तिजोरीत. तिजोरीला दोन किल्ल्या, एक साहेबांकडे, एक तात्यांकडे. बॅकअपच्या डिस्कही अशाच कुलपात, आणि त्या आता तळमजल्यावर नसतात. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीकराला त्याचं कारण सांगावं लागत नाही.

ठिगळांचं वेळापत्रक मला आवडलं. पोस्टग्रेसची फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर अशी ठरलेली. पण १४ नोव्हेंबर २०२४ ला आलेलं ठिगळच थोडं उसवलेलं निघालं आणि २१ तारखेला त्यावर दुसरं आलं. मधल्या २० तारखेला विधानसभेचं मतदान. निम्मा स्टाफ इलेक्शनच्या धावपळीत, म्हणून मी पहिलं लावायचं राहून गेलं होतं. आळसानं वाचले! यातून ठिगळ उशिरा लावावं असा धडा कोणी घेऊ नये. आता मी आधी जुन्या मशीनवर लावते, तीन दिवस बघते, मग खऱ्या सर्व्हरवर.

खर्चाचं विचाराल तर लायसन्सचे शून्य रुपये लागले, आणि माझं व पोराचं बिल स्टँडर्डच्या कोटेशनच्या पाऊणपट झालं. सीएनी ते बिल बघून "फुकट ते पौष्टिक" हेच वाक्य माझ्याकडे बघत परत म्हटलं. पुढच्या दहा वर्षांत फरक दिसेल, हे मी त्यांना कागदावर मांडून दिलंय. पटलंय असं नाही.

बाकीच्या पाच संस्था मी हलवलेल्या नाहीत. चौघांचा डेटा दोन जीबीच्या आत आहे. त्यांना एक्सप्रेसची नवी आवृत्ती बसवली, ‘एसए’ बंद केलं, लॉगिनं वेगळी केली, झालं. पाचवी हलवावी लागेल, पण तिथं आधी फॉन्ट.

यंदा मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला. रात्रभर लाइट नव्हती, यूपीएस दमला. सकाळी साडेआठला तात्यांचा फोन. साहेब लग्नाला बारामतीला गेलेले, त्यांची किल्ली त्यांच्याबरोबर.

"ताई, सर्व्हर चालू केला तर काय तर विचारतोय. पुढंच जाईना."

"परवलीचं वाक्य विचारतोय तात्या."

"मग सांगा की. कागद-पेन घेतलंय बघा, लिहून घेतो."

"लिहू नका," म्हटलं. "मी येते." आणि गाडी काढली.